घाटंजीच्या गच्चीवर पहाडी पाहुणे

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवा शौक रुजला आहे. खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, गच्चीच्या कठड्याशी छोट्या छोट्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. त्यांत जाड, रसाळ पानांची झाडे असतात. काहींची पाने गुलाबाच्या फुलासारखी एकमेकांवर रचलेली, काहींची मण्यांच्या माळेसारखी, तर काहींच्या पानांवर पिठूळ निळसर थर. नर्सरीवाले त्यांना 'सक्युलंट' म्हणतात आणि आता मुलीही त्याच नावाने ओळखतात. कोणी नागपूरहून आणते, कोणी मोबाइलवरून मागवते, कोणाला मैत्रिणीकडून वाढदिवसाची भेट म्हणून मिळते.

यांतली बरीच झाडे वर्षभरही टिकत नाहीत. डिसेंबरची थंडी पडली की खालची पाने पिवळी पडून गळू लागतात, मग खोड काळे पडते आणि एके दिवशी हात लावताच सगळे झाड कुंडीतून निघून हातात येते. घरात सगळे म्हणतात, "थंडी बाधली." बहुतेक वेळा हे खरे नसते. झाड थंडीने नाही, थंडीच्या दिवसांत दिलेल्या पाण्याने मेलेले असते. एवढी एक गोष्ट पक्की समजली, तर घाटंजीसारख्या गावात या झाडांसाठी हिवाळा हा वर्षातला सर्वांत चांगला काळ ठरतो.

बर्फाखाली जगणारी झाडे

ही झाडे मुळात थंडी किती सोसतात, ते आधी पाहू. युरोपातील आल्प्स, पिरेनीज आणि कार्पेथियन पर्वतांपासून तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराणच्या डोंगरांपर्यंत सेम्परव्हायवम नावाचे एक झाड उगवते. त्याचा एक प्रकार मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातही आहे. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ 'सदा जिवंत' असा होतो. हे झाड दगडांच्या फटीत, मूठभर मातीत राहते आणि उणे पंचवीस-तीस अंशांची थंडी सहज सोसते. एका रोपाभोवती लहान पिल्ले येतात. मोठ्या रोपाला आयुष्यात एकदाच फूल येते आणि मग ते मरते, पण तोवर पिल्लांनी जागा भरून काढलेली असते.

युरोपात हे झाड घरांच्या छपरावर लावायची जुनी रीत होती. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी फ्रँक लोकांचा बादशहा शार्लमेन याच्या जमिनींच्या कारभारासाठी जो हुकूमनामा निघाला, त्यात प्रत्येक माळ्याने आपल्या घराच्या छपरावर हे झाड लावावे असे लिहिले आहे. हा शार्लमेन म्हणजे बगदादचे खलिफा हारून अल-रशीद यांचा समकालीन. खलिफांनी त्याला भेट म्हणून हत्ती पाठवला होता.

आपल्या देशात याच कुळातली झाडे लडाखमध्ये आहेत. खारदुंग ला, चांग ला यांसारख्या खिंडींच्या परिसरात, जिथे श्वास घेणेही जड जाते, तिथे 'सोलो' नावाचे रसाळ पानांचे झुडूप उगवते. शास्त्रीय भाषेत ते ऱ्होडिओला. लडाखी लोक त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. लेह येथील संरक्षण खात्याच्या उंच प्रदेश संशोधन संस्थेत या झाडावर अभ्यास चालतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधानांनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात त्याचा उल्लेख केला, तेव्हा हे नाव देशभर पोहोचले.

थंडी सोसण्याची रीत

ज्या पानात इतके पाणी भरलेले असते, ते बर्फात फुटत कसे नाही? पाण्याने भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर तडकते, हे आपण पाहतोच.

पहाडी झाडे याची तयारी आधीपासून करतात. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या की ती वाढ थांबवतात, पेशींतले पाणी कमी करतात आणि साखरेचे प्रमाण वाढवतात. पाने आक्रसतात, घट्ट मिटतात. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते. पुढे कडाक्याची थंडी पडली तरी बर्फ आधी पेशींच्या आत नाही, तर पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत तयार होतो आणि पेशी वाचतात. ही तयारी काही आठवडे चालते. म्हणूनच एखादे झाड नोव्हेंबरपासून गारव्याची सवय झालेले असेल तर ते थंडीची लाट सोसते, आणि तेच झाड उबदार खोलीतून एकाएकी बाहेर आणले तर करपते.

यातून दुसरी गोष्टही उघड होते. ज्या झाडाला हिवाळ्यापूर्वी भरपूर पाणी आणि खत मिळाले, त्याच्या पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात. थंडीत सर्वांत आधी तेच झाड जाते.

डोंगरावर बर्फाचा जाड थर झाडांसाठी रजईचे काम करतो. वर उणे वीस अंश असले, तरी बर्फाखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहते. शिवाय गोठलेले पाणी मुळांना मिळत नाही, त्यामुळे कडक हिवाळाभर ही झाडे जणू कोरड्यातच असतात. म्हणून इंग्लंडसारख्या पावसाळी देशात पहाडी झाडे जपणारे लोक हिवाळ्यात कुंडीवर फक्त काचेचे छप्पर धरतात आणि बाजू उघड्या ठेवतात. पाऊस अडवायचा, थंडी आणि वारा येऊ द्यायचा. लंडनच्या क्यू उद्यानात २००६ मध्ये पहाडी झाडांसाठी उभारलेले काचघरही झाडांना ऊब देण्यासाठी नाही. जमिनीखालून हवा फिरवून आतला भाग गार आणि हवेशीर ठेवण्यासाठी ते बांधले आहे.

आपली थंडी किती?

घाटंजीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण दहा अंशांच्या आसपास येतो. थंडीची लाट आली की त्याहून खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. विदर्भाची थंडी म्हणतात ती हीच. ती माणसाला बोचते, शेकोटी पेटवायला लावते, पण पहाडी सक्युलंटसाठी ती सुखाची हवा आहे. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा आणि कोरडी हवा, यापेक्षा त्यांना अधिक काही नको असते.

मात्र एक बाब ध्यानात ठेवावी. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतची हवा आणि पानांचा पृष्ठभाग वेधशाळेच्या आकड्यापेक्षा काही अंशांनी अधिक गार होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळा परिसरात अनेक हिवाळ्यांत दव गोठून पांढरे हिमकण दिसतात, त्यावेळी वेधशाळेतला पारा शून्याच्या बराच वर असतो. कारण इतकेच, की वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवर सावलीत असतो आणि गवत मात्र उघड्या आकाशाखाली रात्रभर आपली ऊब गमावत राहते. म्हणून लाटेच्या रात्री कुंड्या उघड्या गच्चीच्या फरशीवर ठेवण्याऐवजी सज्जाखाली किंवा भिंतीलगत सरकवाव्यात. दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते आणि डोक्यावरचे छप्पर गारवा अडवते.

सगळी जाड पाने एकसारखी नसतात

नर्सरीत एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेली झाडे जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आलेली असतात. त्यांचे तीन गट केले तर काम सोपे होते.

पहिला गट खऱ्या पहाडी झाडांचा: सेम्परव्हायवम आणि थंड प्रदेशातले सेडम. यांना आपली थंडी काहीच नाही, पण आपला उन्हाळा आणि पावसाळा यांना झेपत नाही. मे महिन्यात दिवसा ४२ ते ४५ अंश तापमान आणि रात्रीही उकाडा. अशा वेळी ही झाडे झोपी जातात, आणि झोपलेल्या झाडाला जून-जुलैचा पाऊस लागला की मुळे कुजतात. हौस म्हणून एखादे आणायला हरकत नाही, पण त्यासाठी मोठी रक्कम घालू नये.

दुसरा गट मेक्सिकोच्या उंच पठारांवरचा आणि दक्षिण आफ्रिकेचा: एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटॅलम, हॉवर्थिया, जेड. दिसायला यांतली काही सेम्परव्हायवमसारखीच असतात. पाच अंशांपर्यंतची थंडी, माती कोरडी असेल तर, यांना बाधत नाही. आपल्या गच्चीसाठी हाच गट योग्य. त्यातही राखाडी-गुलाबी पानांचे ग्रॅप्टोपेटॅलम सर्वांत चिवट.

तिसरा गट उष्ण प्रदेशातला: ॲडेनियम, काटेरी युफोर्बिया, पानफुटी आणि तिच्या कुळातली फुलांची कलांचो. यांना दहा अंशांखाली त्रास होऊ लागतो. ॲडेनियमची पाने हिवाळ्यात गळतात. ते मेले असे समजून लोक पाणी वाढवतात आणि मग ते खरोखर मरते. खोड दाबून पाहावे. ते कडक असेल तर झाड जिवंत आहे, फक्त झोपलेले आहे.

कोरफड या दोन गटांच्या मधली. ती तर आपल्या दादी-नानीच्या काळापासून अंगणात आहे. युनानी हकीम तिच्या वाळवलेल्या रसाला मुसब्बर म्हणतात. अरबीत कोरफडीचे नाव आणि 'सब्र' हा शब्द एकाच धातूतले आहेत. या झाडांना वाढवणाऱ्याकडेही थोडा सब्र लागतोच.

रात्री श्वास घेणारे पान

सक्युलंटला कमी पाणी का पुरते, याचा शोध आपल्याच ओळखीच्या झाडातून सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास प्रांतात काम करणारे बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांच्या लक्षात आले. १८१३ साली त्यांनी हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले.

याचा उलगडा पुढे झाला. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवा घेतात आणि त्यात बरेच पाणी वाफ होऊन जाते. पानफुटीसारखी झाडे दिवसा रंध्रे मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, म्हणून पान सकाळी आंबट. दिवसा उन्हात तेच आम्ल वापरून अन्न तयार करतात. रात्र गार असेल तर हे काम चांगले चालते. आपल्या हिवाळ्यात ही झाडे खुलतात आणि मे महिन्यात मरगळतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

हाइन यांचा प्रयोग घरी मात्र करू नये. पानफुटी आणि कलांचोच्या पानाफुलांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. जनावरांना त्यांची बाधा होते. बकरी ईदच्या आधी गच्चीवर बकरा बांधत असाल, तर या कुंड्या त्याच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात. ॲडेनियमचा चीकही विषारी आहे आणि युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

माती, पाणी, ऊन

आपली काळी माती कापसाला बरकत देते, पण सक्युलंटसाठी ती घातक आहे. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. एक भाग माती किंवा कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड रेती आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा चाळलेला मुरूम असे मिश्रण करावे. वरून ओतलेले पाणी काही क्षणांत खालून बाहेर आले पाहिजे. प्लास्टिकपेक्षा मातीची कुंडी चांगली, कारण तिच्या बाजूंनीही ओल सुकते. तळाला भोक नसलेले शोभेचे कप दिसायला छान असतात, पण त्यांत झाड टिकत नाही.

हिवाळ्यात दुसऱ्या गटातील झाडांना दोन आठवड्यांतून एकदा पाणी पुष्कळ झाले. तारीख पाहून पाणी देऊ नये. बारीक काडी मातीत तळापर्यंत खुपसून काढावी. काडीला ओल किंवा माती चिकटली असेल, तर आणखी चार दिवस थांबावे. पाणी द्यायचे तेव्हा पूर्ण द्यावे, मुळांशी द्यावे आणि पानांच्या मधल्या खोबणीत साचू देऊ नये. तिसऱ्या गटाला महिन्यातून एकदा थोडेसे, आणि पाने गाळलेल्या ॲडेनियमला जवळजवळ काहीच नाही.

वेळही महत्त्वाची आहे. सकाळी नऊ-दहा वाजता ऊन चढल्यावर पाणी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची ओल जाते. सध्या काही वर्षे रमजान थंडीच्या दिवसांकडे सरकतो आहे. सहेरीला जाग असते, तेव्हाच झाडांचेही उरकून टाकावे असे वाटते, पण पहाटेच्या गारठ्यात ओली केलेली माती तासन्‌तास थंड आणि ओली राहते. हे काम सकाळवरच ठेवावे.

उन्हाचे म्हणाल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. दक्षिणेची खिडकी किंवा कठडा या दिवसांत सर्वांत चांगला. चार-पाच तास थेट ऊन मिळाले तर झाड आटोपशीर राहते. ऊन कमी पडले की ते उंच, लांबट, फिकट होते. थंडीत पानांच्या कडा लाल-जांभळ्या झाल्या तर घाबरू नये. तो रोग नाही, थंडी आणि उन्हामुळे येणारा रंग आहे. अनेक जण त्यासाठीच ही झाडे ठेवतात.

झाड काय सांगते, हेही पानांवरून कळते. पान सुरकुतले पण घट्ट आहे, तर तहान लागली आहे. खालची पाने पिवळी, पारदर्शक आणि पिलपिलीत झाली, तर पाणी जास्त झाले आहे. वरची कोवळी पाने एका रात्रीत उकडल्यासारखी दिसू लागली आणि मग काळी पडली, तरच थंडीचा मार समजावा. पाणी जास्त झालेले झाड ताबडतोब कुंडीतून काढावे, कुजलेला भाग स्वच्छ चाकूने कापावा, वरचा निरोगी शेंडा आठवडाभर सावलीत सुकू द्यावा आणि कोरड्या रेतीत टेकवून ठेवावा. बहुतेक वेळा त्याला पुन्हा मुळे फुटतात.

फवारणीचे डबे दूर ठेवा

हिवाळ्यात पानांच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा पुंजका दिसतो. तो पिठ्या ढेकूण. कापूस पिकवणाऱ्या घरांना तो नवा नाही. अशा वेळी शेतातला उरलेला औषधाचा डबा उघडायचा मोह होतो. तो टाळावा. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यांतली काही घरे आपल्या ओळखीची असतील. जे औषध मोकळ्या शेतात माणसाचा जीव घेते, ते खिडकीतल्या कुंडीवर, मुले झोपतात त्या खोलीशेजारी मारायचे नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका पुसून काढावा, आठवड्याने पुन्हा पाहावे. वाढ फार असेल तर कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. कुंड्या मोजक्या असतात, हाताने काम होते.

ऑक्टोबर ते मार्च

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये कुंड्या बदलाव्यात आणि मिश्रण ताजे करावे. नोव्हेंबरात खत बंद करून पाणी हळूहळू कमी करावे आणि झाडांना बाहेरच्या गारव्याची सवय होऊ द्यावी. डिसेंबर-जानेवारीत ऊन भरपूर, पाणी कमी आणि लाटेच्या रात्री सज्जाचा आसरा. पांघरूण घालायचे तर जुनी ओढणी किंवा चादर काठ्यांवर ताणून घालावी. प्लास्टिक पानांना चिकटले की आत ओल धरते. सकाळी ते काढायला विसरू नये.

हेच महिने नवी रोपे करण्याचे. ग्रॅप्टोपेटॅलम किंवा एचेव्हेरियाचे पूर्ण पान हलक्या हाताने मुळापासून काढावे, आठवडाभर सावलीत ठेवावे आणि मग रेतीवर नुसते पसरावे. काही आठवड्यांत गुलाबी मुळे आणि इवलेसे रोप दिसू लागते. एका कुंडीतून वीस-पंचवीस रोपे सहज होतात. घरी बसून थोडी कमाई करू पाहणाऱ्या भगिनींसाठी हे बिनभांडवली काम आहे. भाड्यासकट बाहेरून मागवलेल्या रोपांपेक्षा घाटंजीतच वाढलेले रोप इथल्या हवेला सरावलेले असते, म्हणून घेणाऱ्यालाही ते परवडते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या भागात अवकाळी पाऊस आणि गारा येतात. २०१४ च्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातली उभी पिके झोपवली होती. आभाळ भरून आले की कुंड्या छपराखाली घ्याव्यात. गारेने फुटलेले पान पुन्हा भरून येत नाही. मार्चच्या अखेरीस ऊन तापू लागले की दक्षिणेच्या कठड्यावरून कुंड्या पूर्वेला हलवाव्यात, जिथे फक्त सकाळचे ऊन येते, आणि दुपारसाठी हिरवी जाळी बांधावी.

ईदला किंवा लग्नात हल्ली अशी रोपे भेट देतात. देताना कुंडीला एक चिठ्ठी बांधावी: माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी घालू नये, घालायचे ते सकाळी, आणि पाने गळली तरी फेकू नये, आधी खोड दाबून पाहावे.